गिअरबुवांचा जड क्लच

"हा क्लच आहे की उखळ!" सिग्नलला गाडी थांबवता थांबवता गिअरबुवा दातओठ खाऊन पुटपुटले. "त्या वस्तादनं पुन्हा फालतू माल घातला!"

शेजारी बसलेल्या बायकोनं सिग्नलकडे नजर लावली. तीन वर्षांत क्लच दोनदा बदलला होता. गुडघा मात्र मूळचाच होता, अठ्ठावन्न वर्षं चाललेला. पण हे बोलायचं कुणी?

गिअरबुवा हे नाव गल्लीनं ठेवलेलं. आजूबाजूच्या चार गल्ल्यांत त्यांना दाखवल्याशिवाय कुणी जुनी गाडी घेत नसे. बॉनेट उघडायचा अवकाश, निदान तयार! आणि मतं तर विचारूच नका. "आजकालच्या गाड्या म्हणजे चाकं लावलेले मोबाइल!" "पांढरी गाडी त्यानंच घ्यावी, ज्याला दुसरा उद्योग नाही!" सगळ्यांत लाडकं मत बिनक्लचच्या गाडीबद्दल. "ती चालवायची नसते हो! पाळण्यात बसतात तसं नुसतं बसायचं!"

बायकोला नेमका तोच पाळणा हवा होता. तिनं चार महिन्यांपूर्वी लायसन्स काढलं होतं. शिवाय तसली गाडी घरातल्या आणखी एका पायाला मानवली असती. पण इमारतीत जागा एकाच गाडीची. जुनी गेल्याशिवाय नवी येणार नाही, आणि जुनी जाता जात नव्हती! गिऱ्हाईक आलं की गिअरबुवा सवयीनं स्वतःच्याच गाडीवर तुटून पडत. "इथं पत्रा ठोकलाय बघा! दुसऱ्या कुणाला कळायचं नाही, मला कळतं!" तीन गिऱ्हाइकं त्यांचे आभार मानून निघून गेली.

शेवटी बायकोनं पदर खोचला. गाडी तिच्याच नावावर होती. "सर्व्हिसिंगला टाकते," असं सांगून तिनं ती स्वतः चालवत वस्तादच्या गॅरेजमध्ये नेली आणि गुपचूप गिऱ्हाईक शोधलं. दातांची डॉक्टरीण, तरुण, हसरी. गाडी तिला बघताक्षणी आवडली!

"फक्त एका काकांना दाखवते हं, काकू. आमच्या दवाखान्यातल्या बाईंनी नंबर दिला. त्यांना गाड्यांतलं फार कळतं म्हणे! ते बघा, आलेच!"

वस्तादच्या हातून पाना निसटला. डावा पाय जपत गिअरबुवा आत येत होते.

त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग बायकोकडे. बायकोनं छताकडे पाहिलं. आता आभाळ कोसळणार! पण समोर गिऱ्हाईक होतं, हातात टॉर्च होता आणि चार गल्ल्यांतल्या इभ्रतीचा सवाल होता.

"ह्या काकूंची गाडी आहे," डॉक्टरीण म्हणाली.

"असं होय!" गिअरबुवांनी बायकोला नमस्कार केला. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच इतक्या अदबीनं! "कोण चालवतं ही?"

"आमचे हे."

"माणूस हुशार दिसतो. चारी टायर कसे सारखे झिजलेत!"

"हुशार आहेतच. जरा हट्टी आहेत."

"हट्टी नसतील. ठाम असतील."

वस्तादला खोकल्याची उबळ आली.

मग टॉर्च पेटला, आणि गिअरबुवांना रंग चढला! दारावरचा ठोकलेला पत्रा निघाला. चढावर दमणारा एसी निघाला. बायको मनातल्या मनात चौथ्या गिऱ्हाइकाला निरोप देऊ लागली.

"आणि मुख्य म्हणजे क्लच!" गिअरबुवांनी शेवटचा घाव घातला. "भयंकर जड!"

डॉक्टरीण आत बसली. क्लच दाबला. पुन्हा दाबला. "जड? काका, हा तर लोण्यासारखा आहे!"

वस्ताद पाना शोधायला गाडीखाली शिरला. पाना बाहेर त्याच्या पायाशीच पडला होता.

"तुम्ही उठा, मी दाखवतो!" गिअरबुवा बसले आणि त्यांनी क्लच दाबला. तोंड असं झालं, जणू कुणी भूल न देता दाढ उपटतंय. तसली तोंडं बघण्यातच डॉक्टरणीचा दिवस जात असे. ती चटकन वाकून म्हणाली, "काका, कुठं दुखतंय?"

घरात हा प्रश्न तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता.

गिअरबुवा बराच वेळ स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिले. "घ्या गाडी," ते अखेर म्हणाले. "डोळे मिटून घ्या. इतकी जपलेली गाडी तुम्हाला मिळायची नाही. आणि तो हुशार माणूस मीच."

डॉक्टरणीनं आ वासला, तो मिटेचना. बायकोला हसावं की रडावं कळेना.

"वस्ताद, बाहेर ये!" गिअरबुवांनी हाक मारली. "उद्या आमच्याबरोबर पाळणा बघायला चल!"

"अहो, पण क्लच..." बायको अजूनही सवयीनं सांभाळून घेत होती.

"क्लचला काय धाड भरलीय? उत्तम आहे!" गिअरबुवांनी किल्ली काढून तिच्या हातात ठेवली आणि उतरायला तिचाच खांदा धरला. "गुडघा गेलाय गं माझा."