दोन्हीकडचे अर्ज

माझ्या बायकोने, मीनाने, मला तिच्या अर्जाचं फक्त शुद्धलेखन तपासायला सांगितलं होतं. मी तेवढंच केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तिने लिहिलेलं ‘आवाजाचा त्रास होतो’ मला फारच मिळमिळीत वाटलं. मी ते खोडून ‘आवाजाने जिणे नकोसे झाले आहे’ असं केलं, आणि तिथेच घसरलो.

आमची कॉलनी अंबडला, एमआयडीसीच्या कुंपणाला अगदी पाठ लावून. कुंपणापलीकडे रंगनाथशेठचा कारखाना. तिथे पत्र्याच्या पट्ट्या प्रेसखाली जातात आणि गाड्यांचे सुटे भाग बाहेर पडतात. मध्ये फक्त एकदा ‘धाड’ होतं. हे ‘एकदा’ दर तीन सेकंदांनी येतं. आमच्या स्वयंपाकघरातले डबे फळीवरून आपोआप पुढे सरकत येतात. मीना म्हणते, निदान ते तरी घरात काही हालचाल करतात.

कॉलनीच्या महिला मंडळाची मीना अध्यक्ष. महापालिकेच्या प्रभाग समितीकडे थोडा निधी शिल्लक आहे, असं तिला कळलं होतं. त्यातून कारखान्यामागे आवाज अडवणारी उंच भिंत बांधून द्यावी, असा तिचा अर्ज होता.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. मी नोकरी करतो ती याच रंगनाथशेठच्या ऑफिसात. क्लार्क म्हणून. (ही गोष्ट मी नेहमी जरा उशिराच सांगतो. सासऱ्यांनासुद्धा साखरपुड्यानंतरच सांगितली होती.)

आठवड्याने तो अर्ज पालिकेकडून उत्तरासाठी कंपनीत आला आणि शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“पाळदे, हे वाचा. ‘डोक्यात कुणी अविरत खिळे ठोकत आहे असा भास होतो.’ काय लिवलंय! कोण लिहून देतं ओ या बायकांना?”

“कोणी वकील असेल,” मी म्हणालो.

“नाय तर तुम्ही! वीस वर्षांत असं एक पत्र नाय लिवलं. आता याला उत्तर लिहा. आमच्या दिंडोरीला द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर दिवसभर बोंबलतो, कुणी अर्ज करतं का?”

मी चिडून उत्तर लिहिलं. आपल्याच अर्जावर चिडणं अवघड असतं, पण जमलं. ‘सदर आवाज हा उद्योगाच्या प्रगतीचा असून त्याच्या तालावर झोप उत्तम लागते, असे अनेकांनी कळवले आहे.’ (अनेकांनी म्हणजे मी. ऑफिसात.)

त्याची प्रत मंडळाला मिळाली. संध्याकाळी मीना चहाचा कप आपटत म्हणाली, “कोण हो हा तुमच्या कंपनीतला उर्मट माणूस? याच्या बायकोची मला दया येते.”

“मलाही,” मी म्हणालो.

“आपणही उत्तर द्यायचं. सणसणीत! तुम्हाला जमेल का? त्या माणसाची लेखणी फार धारदार आहे.”

मला राग आला. माझ्यापेक्षा मी धारदार?

असे महिनाभर मी दिवसा एका बाजूने आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूने लढलो. शेवटी समितीने सुनावणी लावली आणि दोन्ही पक्षांचं अंतिम म्हणणं आदल्या दिवशी चार वाजेपर्यंत मागवलं. नेमकी मीना भाचीच्या साखरपुड्याला चांदवडला निघाली. जाताना मंडळाच्या कोऱ्या लेटरहेडवर सही करून ठेवली. “यावर छापा आणि पोचवा.” शेठही बागेच्या छाटणीसाठी दिंडोरीला निघाले होते. त्यांनीही कंपनीच्या कोऱ्या लेटरहेडवर सही केली. “यावर छापा आणि पोचवा.”

माझ्यावर एवढा विश्वास एका दिवशी दोन माणसांनी याआधी कधी टाकला नव्हता.

पावणेचारला मी दोन्ही लेटरहेड ऑफिसच्या प्रिंटरमध्ये घातले. कागद पालथे जातात, त्यामुळे वरचं कोणतं आणि खालचं कोणतं ते कळत नव्हतं. मी अंदाज केला. कागद बाहेर पडले तसे घड्या घालून पाकिटात टाकले. दोन्ही एकाच टेबलावर जायची होती, तेव्हा बघायचं काय त्यात? चारला पाच मिनिटं असताना पोच घेतली आणि एक कटिंग मारून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सुनावणी. एका बाजूला मीना, शेजारच्या नवसाबाई आणि मंडळाच्या दहा-बारा जणी. दुसऱ्या बाजूला शेठ, एकटेच. मला दोन्हीकडून हाक आली, म्हणून मी मधल्या खुर्चीवर बसलो. समोर अधिकारी शकीला मॅडम. त्यांनी चष्मा लावला.

“महिला मंडळाचं म्हणणं वाचते. ‘सदर आवाज अत्यंत सुसह्य असून त्यासाठी भिंत बांधणे म्हणजे जनतेचा पैसा पाण्यात घालणे होय. तक्रारदारांना दुसरे उद्योग नसावेत.’”

मंडळातल्या सगळ्या बायका मीनाकडे वळल्या. शेठ मात्र खुर्चीतून अर्धे उठले. “वा वहिनी! मनाचा मोठेपणा हाय हा!”

“थांबा. आता कंपनीचं म्हणणं.” मॅडमनी दुसरा कागद उलगडला. “‘आम्हा गृहिणींना दुपारी क्षणभर पाठ टेकता येत नाही. आमचे कपाळ उठते. कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नसल्याने भाताचा गिचका होतो. हा कारखाना चालवणाऱ्या माणसाला काळीज आहे की तिथेही पत्राच बसवला आहे?’ खाली सही, रंगनाथ गायखे, मालक.”

शेठचा हात आपसूक मिशीवर गेला.

“हे टाईप कोणी केलं?” मॅडमनी विचारलं.

“यांनी!” मीना म्हणाली.

“यानं!” शेठ म्हणाले.

दोन्ही बोटं मधल्या खुर्चीवर आली. मग त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आजपासून आपल्याला घरही नाही आणि नोकरीही नाही. बसस्टँडवर किती दिवस राहू देतात, याचा मी विचार करू लागलो.

“मॅडम, चूक झाली,” मी म्हणालो. “कागद उलटसुलट...”

“माझ्यासमोर सहीचे कागद आहेत,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “रहिवाशांना भिंत नको, हे लेखी आहे. मालकाला स्वतःचाच आवाज सहन होत नाही, हेही लेखी आहे. मग पालिकेने पैसे का घालायचे? मालकांनी स्वखर्चाने उपाय करावा. भिंतीचा निधी पथदिव्यांकडे वळवते.”

“अवो, पण मी गृहिणी नाय!” शेठ ओरडले.

तेव्हा मीना उठली. मला वाटलं, आता भांडण. पण ती म्हणाली, “दादा, अर्ज राहू द्या. उद्या दुपारी घरी चहाला या. दहाच मिनिटं बसा.”

शेठ आले. सोफ्यावर बसले. मीनाने चहा टीपॉयवर ठेवला. ‘धाड!’ कप बोटभर सरकला. ‘धाड!’ आणखी बोटभर. शेठ त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. पाचव्या दणक्याला कप कडेवर आला, तेव्हा त्यांनी तो अलगद धरला आणि खाली मान घालून म्हणाले, “वहिनी, हे तर लय हाय. मला वाटायचं, बाया उगं लिवतात.”

“उगं नाही लिहिलं,” मीना माझ्याकडे बघत म्हणाली. “फक्त लिहिणारा उगीचचा होता.”

पंधरा दिवसांत प्रेसखाली जाड रबर बसलं आणि अख्खं मशीन मागच्या भिंतीपासून उचलून कारखान्याच्या पुढच्या टोकाला गेलं. डबे जागच्या जागी राहू लागले. नवसाबाईंनी पेढे वाटले. शेठनी मला कामावरूनही काढलं नाही. एवढंच म्हणाले, “पाळदे, पुढच्या बाजूला जागा एकच होती. तुमच्या टेबलामागं.”

आता दिवसभर प्रेस माझ्या पाठीशी असते. रबर दणका खातं, पण मधल्या पत्र्याच्या पार्टिशनला रबर नाही. संध्याकाळी घरी येतो तेव्हा मीना काहीतरी बोलते आणि मी आपला हसून मान डोलावतो. (तिच्या मते इतका समजूतदार मी कधीच नव्हतो.)

परवा गॅलरीत बसलो असताना तिने माझ्यासमोर एक कागद धरला. खाली मंडळाच्या सगळ्या सह्या होत्या. चष्मा घरात होता.

“काय आहे?” मी विचारलं.

“कॉलनीतल्या आवाजाबद्दल तक्रार आहे,” ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली.

“आता कुणाचा आवाज?” मी ओरडलो.

उत्तर शेजारच्या गॅलरीतून नवसाबाईंनी दिलं.

“तुमचा!”