हयात आहात? तीस सेकंद

कॅसेटच्या पाठीवर निळ्या शाईत: 'कोणीही पुसू नये. हुकमावरून.'

एक शिक्का. वजन पाव किलो, उचलायला साधारण अर्धा तास.

उतू गेलेलं दूध, पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं.

'कृपया... कृपया... कृपया...'

जुन्या नोंदींचं गोदाम. तिथून माणूस परतला तर शिंकतच परतला.

या सगळ्याची मोट बांधण्याचं श्रेय हेडक्लार्कांना जातं, आणि ते त्यांना मुळीच नको होतं.

हयातीचे दाखले देणाऱ्या त्या कार्यालयात चार खिडक्या होत्या. पेन्शनवाल्यांनी वर्षातून एकदा यायचं, 'हयात आहात का?' या प्रश्नाला 'हो' म्हणायचं आणि शिक्का मारलेला कागद घेऊन जायचं. एवढ्याला अख्खी सकाळ लागे. हेडक्लार्कांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि त्यांची खुर्ची पंख्याखाली होती. आयुष्याकडे त्यांचं आणखी काही मागणं नव्हतं.

सोमवारी टोकन पुकारणाऱ्या यंत्रातली बाई बिघडली. ती नुसतंच 'कृपया' म्हणू लागली.

"नवा आवाज यायला तीन महिने," मेकॅनिक म्हणाला. "तोवर गाणंबिणं असेल तर द्या. बटण दाबलं की पाटीवर नंबर येईल आणि ते वाजेल."

हेडक्लार्क क्षणभर अकरा वर्षांचे झाले. तेव्हा टीव्हीवर 'घंटेच्या आत' नावाचा प्रश्नांचा खेळ लागायचा. प्रश्न विचारला की तीस सेकंद धून: आधी टिकटिक, मग चोरपावलांनी येणारी बासरी, मग सगळी वाद्यं एकमेकांच्या अंगावर, आणि टण्ण! टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून त्यांनी ती टेप केली होती. त्यासाठी घरादाराला श्वास रोखायला लावला होता. आईने तो अठ्ठाविसाव्या सेकंदापर्यंत रोखला.

"मी त्या कॅसेटवरची धूळ झटकली तर चार दिवस अबोला धरलात," बायको म्हणाली. "आणि आता सरकारला दान?"

"दान नाही गं. लोकांना कळू दे. हल्लीच्या खेळांना संगीत आहे का? नुसता दणदणाट! पोटात गोळा यायला पाहिजे, गोळा!"

"तो तुम्हाला वाटाण्यानेही येतो."

मंगळवारी पहिला नंबर एका निवृत्त पोस्टमास्तरांचा लागला. चौथ्या खिडकीवरच्या शिक्केवाल्या बाईंनी बटण दाबलं. टिकटिक सुरू झाली आणि सगळा हॉल ताठ बसला. साठीच्या आसपासच्या त्या माणसांपैकी एकालाही ही धून काय आहे ते सांगावं लागलं नाही.

"हयात आहात का?" बाईंनी विचारलं.

पोस्टमास्तर गडबडले. बासरी आली होती. त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं.

"अहो, माझ्याकडे काय बघताय? सांगा काहीतरी!"

"घाई करू नका! नीट विचार करा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"विचार कसला त्यात? हो म्हणा!"

"दूध बघ मेल्या, दूध!" स्पीकरमधून हेडक्लार्कांची आई कडाडली.

"हो!" पोस्टमास्तर किंचाळले. शिक्का धाडकन पडला. टण्ण!

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोस्टमास्तरांनी काठी उंचावली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हे सुख मिळालं नव्हतं. दोन आज्या मात्र गॅस बंद केलाय का ते बघायला खरोखरच घरी गेल्या.

तिसऱ्या खिडकीवर उद्यासाहेब बसत. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं, कारण ते सगळ्यांना 'उद्या या' एवढंच सांगत. त्या दिवशी त्यांचं 'उद्या' अर्ध्यावरच राहिलं आणि शिक्का उमटला.

"मी नाही केलं हो," चहाच्या वेळी ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "हातच चालला. घंटेच्या आत झालं नाही तर काहीतरी होईल असं वाटतं."

"काय होईल?"

"तेच कळत नाही ना! म्हणून तर घाई."

गुरुवारी दुपारपर्यंत तीन महिन्यांचं काम उरकलं. हॉलमध्ये पंखे तेवढे उरले. शुक्रवारी मुख्यालयाचं पत्र आलं: 'आपल्या कार्यालयात काम शिल्लक नसल्याचे समजते. उद्या मोठे साहेब पाहणीस येतील. तसे आढळल्यास एक खिडकी ठेवून हेडक्लार्कसह उर्वरित कर्मचारी जुन्या नोंदींच्या गोदामात वर्ग करण्यात येतील.'

हेडक्लार्कांना वाचता वाचताच शिंक आली.

"बघा तुमच्या टिकटिकीचे प्रताप," शिक्केवाल्या बाई म्हणाल्या. "कामाने माणूस मरत नाही. काम संपल्याने मरतो."

"गर्दी पाहिजे," हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांनी पोस्टमास्तरांना फोन लावला. "उद्या सगळ्यांना घेऊन जरा याल का?"

"का? मी हयात आहे हे ठरलं ना मंगळवारी?"

"ठरलंय हो. पण पुन्हा एकदा खात्री..."

"धून लावणार?"

"नाही, उद्या जरा सावकाशीने..."

"मग आमचंही सावकाश. पुढच्या वर्षी येतो."

"बरं बरं, लावतो!"

शनिवारी तीनशे माणसं आली. त्यांनी मुलं, सुना, नातवंडं, घडीच्या खुर्च्या, सगळं आणलं होतं. मोठे साहेब दारात पोचले तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"ओ काका, मध्ये घुसू नका! नंबर घ्या!" म्हणत कुणीतरी त्यांच्या हातात टोकन कोंबलं. रेटारेटीत साहेब थेट चौथ्या खिडकीवर जाऊन आदळले. बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं.

"हयात आहात का?"

"मी कोण आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

"ते नंतर बघू. आधी हयात आहात का? वेळ चाललाय."

हेडक्लार्कांनी साहेबांना ओळखलं, आणि डोळे मिटून घेतले. बासरी आली. साहेबांचा पाय हलू लागला. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"सांगा, सांगा!" हॉल गरजला.

"विचार करू द्या त्यांना!"

"दूध बघ मेल्या, दूध!"

"हो! हो! आहे!" साहेब उडी मारून ओरडले. धाडकन शिक्का. टण्ण!

टाळ्या थांबेपर्यंत साहेबांनी घाम पुसला, दाखला घडी करून खिशात ठेवला आणि ते पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

सोमवारी आदेश निघाला. चारही खिडक्या कायम. सदर धून सर्व बासष्ट शाखांत बसवावी. या कामी हेडक्लार्क यांचा अनुभव लक्षात घेऊन त्यांची फिरतीवर नेमणूक करण्यात येत आहे; काम सर्वांत जास्त तुंबलेलं असल्याने सुरुवात जुन्या नोंदींच्या गोदामापासून करावी. पंख्याखालची खुर्ची उद्यासाहेबांना.

"अभिनंदन हो," उद्यासाहेब म्हणाले, आणि लगेच बसले.

'घंटेच्या आत'ची धून बांधणारा वादक हयात आहे. कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे तो चार वर्षांपूर्वी वारला.