सुर्वेकाका आणि बोर्डाची मर्जी

सुर्वेकाका कोणाच्याही घरी गेले की आधी कॉम्प्युटरच्या डब्याला पालथा हात लावतात, मग घरातल्या माणसांकडे बघतात. "अंग कोमट हाय," एवढं म्हणून झालं की चहा घेतात. सगळी नोकरी त्यांनी बोटीवर इंजिनरूममध्ये काढली. निवृत्त होऊन रत्नागिरीत परतले आणि आमच्या अख्ख्या आळीच्या प्रोसेसरांची जबाबदारी कोणी न मागता अंगावर घेतली.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं इंजिन. ते थोडं जोरात पळवता येतं, पण काका कधीही हाताने आकडे भरत नाहीत. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग वाढवायचा ऑटोमॅटिक पर्याय तेवढा चालू करतात. "किती झेपतंय ते बोर्डाला ठाऊक हाय. आपण मधी लुडबुडायचं नाय." त्याआधी पंख्यावरची धूळ रंगाच्या ब्रशने झाडायची, नंतर अर्धा तास मुद्दाम जड काम देऊन तापमान बघायचं. तो अर्धा तास काका खुर्चीत ताठ बसतात. कोणी गप्पा मारायला लागलं तर म्हणतात, "गप रे, ड्युटीवर हाय मी." मी या सगळ्याला बरेच दिवस हसत होतो.

मी लग्नांचे व्हिडिओ बनवतो. गेल्या हिवाळ्यात गणपतीपुळ्याकडच्या एका मुलाच्या लग्नाची फिल्म हातात होती. मुलगा बोटीवर नोकरीला. एके दिवशी सकाळीच त्याचा फोन. "दादा, कंपनीने लवकर बोलावलं. आज पाचच्या गाडीने निघतोय. बोटीवर नेट धड नसतं. फिल्म स्टेशनवर आणून द्याल ना?" लग्नाला पुरते दहा दिवसही झाले नव्हते.

फिल्म तयार होऊन बाहेर पडायला माझ्या मशीनला साडेतीन तास लागायचे. मी काकांना हाक मारली. त्यांनी धूळ झाडली, ऑटो चालू केलं, अर्धा तास तपासलं. "आता तीन तासांत होईल. लाव कामाला," म्हणाले आणि जेवायला घरी गेले.

तीन तास कशाला, अडीच का नको, असं माझ्या मनात आलं. काकांची पाठ वळताच मी सेटिंगमध्ये शिरलो आणि आकडे हाताने वाढवले. निम्म्यावर फिल्म आली आणि स्क्रीन काळी पडून सगळं ठप्प झालं. घड्याळात साडेबारा वाजले होते.

काका आले. डब्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"हात घातलास?"

"थोडासा."

"सगळे थोडासाच घालतात."

एवढंच. मला वाटलं होतं, आता आळी गोळा होईपर्यंत ओरडतील. त्यांनी सगळं पूर्ववत केलं आणि पुन्हा ऑटोवर आणलं. मी म्हटलं, "काका, तपासणी राहू दे, वेळ नाही." "दहा मिन्टं तरी करायची. पुन्हा बंद पडला तर त्या पोराने काय करायचं?" मग ते समोर बसले ते उठलेच नाहीत. चहा आणला तर तोही गार झाला. स्क्रीनवरच्या तापमानाकडे त्यांची नजर अशी लागली होती, की मला माझीच लाज वाटली. एवढ्या सचोटीने मी माझं स्वतःचं काम कधी केलं नव्हतं.

चारच्या सुमारास फिल्म झाली. आम्ही रिक्षाने स्टेशन गाठलं. मुलाने पेनड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि काकांना वाकून नमस्कार केला. त्याची बायको थोडी बाजूला उभी होती. काकांनी त्या दोघांकडे पाहिलं आणि घाईने रिक्षाकडे वळले.

परतताना काका रिक्षाच्या कडेला सरकून बसले. मग बाहेर बघत म्हणाले, "मी लग्नानंतर आठव्या दिवशी निघालो. फोटो धुऊन आले नव्हते. नऊ महिने बोटीवर रोज हिचा चेहरा आठवायला बसायचो. कपाळ आठवायचं, कानातलं आठवायचं. चेहरा काय पुरा येईना. रडायचो रे मी, इंजिनच्या आवाजात कोणाला कळायचं नाय."



काकांच्या घरी पोचलो. दार काकूंनी उघडलं. काका उंबऱ्याशीच थांबले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. काकूंनी मागे वळून पाहिलं, कोणी येऊन उभं राहिलं आहे की काय म्हणून.