शेवटचा नंबर आबांचा

आमच्या कचेरीतले दफ्तरी आबा शेवाळे कधी कुणाच्या पुढं गेले नाहीत. बढतीबद्दल बोलत नाही. ती त्यांना मिळालीच नाही. मी चालण्याबद्दल बोलतोय. एस.टी.तून ते सगळ्यांत शेवटी उतरत. लग्नात शेवटच्या पंगतीला बसत, तोवर जिलबी संपून नुसता पाक उरलेला असे. पाच वाजता कचेरी सुटली की दारात उभं राहून सगळ्यांना वाट करून देत आणि म्हणत, "तुमी व्हा फुडं, मी आलोच." एकदा साहेबांनी हट्ट धरला, "आबा, तुम्ही वडीलधारे, आधी तुम्ही." दोघं दारात उभे. शेवटी साहेबच गेले, तेही बस चुकल्यावर.

आबा मूळचे विट्याकडचे. साताऱ्यात एका खोलीत एकटेच राहत. त्यांच्या घरचं कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर कचेरीतल्या मंडळींनी दरवर्षी दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारी कासच्या तलावावर मुक्कामाला जायची टूम काढली होती. मोजणीखात्याच्या दोन जुन्या राहुट्या, लाकडं, मटण, मसाला असं सामान जीपमधून पुढं जायचं. आम्ही साताऱ्याच्या बोगद्यापासून सायकलींवर यवतेश्वरचा घाट चढून जायचो. शर्यतच असायची. पहिल्याला टाळ्या आणि शेवटच्याला रश्श्याचा टोप घासायची शिक्षा. वीस माणसांचा रस्सा मावणारा टोप, त्यात तळाला लागलेला मसाला आणि बाहेरून काजळी. दरवर्षी तो आबाच घासायचे. टोप जीपमध्ये चढण्याआधीच ते त्याच्या बुडाला मातीचा जाड लेप देऊन ठेवत, म्हणजे काजळी लवकर निघावी. हरायची तयारी घरून करून येणारा असा दुसरा गडी जिल्ह्यात नसेल, म्हणून आम्ही पोट धरधरून हसायचो.

एरवी जीपमधून जाणारा मी एका वर्षी पहिल्यांदाच शर्यतीत उतरलो. माझी सायकल लग्नात सासऱ्यांनी दिलेली. त्यानंतर तिचं वजन होतं तेवढंच राहिलं. माझ्याबद्दल तसं म्हणता येणार नाही. बायको म्हणाली, "टोप तुमच्याच नशिबी आहे. जाण्याआधी घरची कढई घासून बघा, हात बसेल." मी म्हणालो, "आबा आहेत की!" निवृत्तीला टेकलेला, धोतर खोचून सायकल मारणारा म्हातारा मला हरवणार? बाकी सगळ्यांच्या मागं चालेल, फक्त आबांच्या पुढं राहायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. पण तीही पुरी झाली नसती तर मला घरात तोंड दाखवायला जागा नव्हती.

पहिल्या वळणापर्यंत मी साहेबांच्या बरोबर होतो. दुसऱ्या वळणावर त्यांची पाठ दिसली, तिसऱ्यावर नुसती धूळ. मागं पाहिलं तर वीस हातांवर आबा. मी जोर केला. आबा वीस हातांवर. मी उतरून सायकल ढकलायला लागलो; आबाही उतरले. मी दरडीला पाठ टेकून फतकल मारली, तर ते लांब एका दगडावर बसून तंबाखू मळायला लागले. म्हातारा पुरता थकला, असं मला वाटलं. कीवसुद्धा आली.

"दमलात का आबा?"

"व्हय भाऊसाहेब, लय दमलो. तुमी व्हा फुडं, मी आलोच."

पुढं माझ्या सायकलची साखळी पडली. आबांनी येऊन दोन बोटांत ती चढवली. तेव्हा दिसलं, की त्यांच्या कपाळावर घामाचा टिपूसही नाही. दिसलं, पण मी ते मनावर घेतलं नाही. प्रश्न टोपाचा होता. तलाव नजरेत आल्यावर जीव खाऊन पायडल मारलं आणि शेवटून दुसरा आलो. दोन्ही हात वर केले. कुणी बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर आबा ओढ्याकाठी टोप घासत बसले होते. मी चहा घेऊन गेलो. खरं तर मिरवायलाच.

"आबा, काल जोर केला असता तर मला मागं टाकलं असतं ना?"

"सायबास्नी बी टाकलं असतं," आबा सहज म्हणाले.

"मग?"

त्यांचा हात थांबला. टोपातच बघत ते सांगू लागले.

"जत्रंहून येत हुतो. चैताचं ऊन. मी फुडं, कारभारीण मागं. आमच्याकडं बाईमाणूस मागनंच चालतंय. दोन कोस वाट. बैल घ्यायचा हुता, त्येचाच इचार करत ताडताड चाललो. येकदा बी वळून बगितलं न्हाई. मागं हाय म्हंजी हायच की. घरात शिरलो, पटका काढला, न बघताच हात मागं केला आन् म्हनलं, पाणी दे."

मी हातातला चहा खाली ठेवला.

"हात तसाच ऱ्हायला. मग पळत सुटलो. बांधाला बाभळीखाली बसल्याली. छातीत कळ आली आसंल. गेली हुती." त्यांनी राखेची चिमूट उचलली, पुन्हा खाली टाकली. "तिनं हाक मारली का न्हाई, एवढंच कळत न्हाई बगा. मी लांब हुतो, भाऊसाहेब."

माझी मलाच लाज वाटली. मूठभर राख घेऊन टोपाची दुसरी बाजू घासायला बसलो.

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले, "तुमास्नी जमायचं न्हाई." खरंच जमत नव्हतं. तरी घासत राहिलो.

दुपारी परतताना बाकीचे उताराला सुसाट सुटले. मी घाटाच्या तोंडाशी उतरून उभा राहिलो. "आबा, आज तुम्ही पुढं व्हा. मागं मी आहे."

आबा हलेनात. मीही हललो नाही. शेवटी त्यांनी सायकल जरा कडेला घेतली आणि शेजारी माझ्यापुरती जागा केली.

मग ब्रेक दाबत दाबत, हँडलाला हँडल लावून आम्ही घाट उतरलो. बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण मी जरा वेळ गप्प राहिलो, की आबा रस्त्यावरची नजर न काढता विचारायचे, "भाऊसाहेब?"

"आहे, आबा," मी म्हणायचो.