टॉवेल कोण टाकतं?

दुपारी दोन वाजता कोशकारांची नोंद परत आली आणि त्यांचा चहा कपातच निवला.

नोंद 'थ्रो इन द टॉवेल' या इंग्रजी वाक्प्रचाराची होती. मुष्टियुद्धात रिंगणात टॉवेल पडला की हार मान्य, लढत बंद. तिथून तो रोजच्या बोलण्यात आला. कोशकारांनी त्याला अकरा मराठी पर्याय दिले होते आणि प्रत्येकाला एकेक उदाहरण. त्यावर संपादकबाईंनी लाल शाईत लिहिलं होतं : 'पर्याय उत्तम. उदाहरणं मेलेली. घरात असं कोण बोलतं? शिवाय टॉवेल नक्की कोण टाकतं, ते लिहिलेलं नाही. पाचपर्यंत दुरुस्ती आली नाही तर नोंद गाळून खंड छपाईला जाईल.'

"मेलेली!" कोशकार कडाडले. "हिला कार्डं अकारविल्हे लावायला मी शिकवलं! आणि म्हणे टॉवेल कोण टाकतं! जो हरतो तो टाकतो, आणखी कोण शेजारी येऊन टाकणार?"

बायकोने कार्ड वाचून पाहिलं. "'सेनापतीने शस्त्रे खाली ठेवली.' अहो, आपल्याकडे सेनापती कधी येऊन गेला?"

"तू तुझं काम बघ."

"माझं काम ओट्यापाशी आहे, आणि तिथला नळ आठ दिवस गळतोय. करू का प्लंबरला फोन?"

आता माणसाचा अपमान व्हावा तरी किती? आधी शिष्येने केला, आता नळानेही करायचा? "एका नळापुढे मी हात टेकू?" म्हणत कोशकारांनी पाना उचलला. रागावलेल्या माणसाच्या हाती पाना देऊ नये, पण तो त्यांनी स्वतःच घेतला होता. नळ हलेना, हलेना, आणि हलला तो सगळाच्या सगळा हातात आला. पाण्याची धार थेट चष्म्यावर आदळली. त्यांनी दोन्ही तळवे पाइपावर दाबले, तेव्हा ती बोटांच्या फटींतून चहूकडे उडायला लागली.

बायको मोठा कॉक बंद करायला न्हाणीघरात धावली. तिथल्या चाकाला गेल्या वर्षी कोशकारांनीच भरघोस रंग दिला होता. तो असा काही बसला होता की चाक जागचं हलेना.

ओट्याशेजारच्या टेबलावरची नोंद भिजून निळीजांभळी झाली. तिथेच बसलेल्या, बायकोच्या आईने, म्हणजे सासूबाईंनी, खुर्चीवर पाय वर घेतले.

"जावईबापू, आता शेपूट घातलीत तरी चालेल. आम्ही कुणाला सांगणार नाही."

"शेपूट घालणं म्हणजे भिऊन पळणं!" कोशकार पाण्यातून ओरडले. "मी भ्यालेलो नाही! इथे ती अर्थच्छटाच नाही!"

"मग नांगी टाका."

"आई, नांगी टाकायला आधी ती असावी लागते," बायको परत येत म्हणाली. "अहो, मी हात टेकले तुमच्यापुढे. खालच्या मजल्यावर पाणी उतरलं तर काय सांगायचं?"

"सांग, आम्ही हात वर केले," सासूबाई म्हणाल्या.

"ते जबाबदारी झटकणं झालं! आणि हात वर करायला ते मोकळे तरी आहेत का माझे?"

एवढं बोलून कोशकारांनी एकदम कान टवकारले. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. घड्याळात पावणेचार झाले होते. ही काय भाषा चालली होती घरात! सेनापती नाही, राजा नाही, आणि एकेक वाक्य कसं टवटवीत!

"कोरी कार्डं घे," ते बायकोला म्हणाले. "आत्ता बोललात ते सगळं लिही. शब्दन् शब्द."

तिने लिहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. ओठ निळे पडले होते आणि तळवे पाइपावर तसेच. ती बाहेरच्या खोलीत गेली आणि काही न विचारता फोन फिरवला.

प्लंबर पंधरा मिनिटांत आला. त्याने ओट्याखाली रचलेले जुन्या खंडांच्या मुद्रितांचे गठ्ठे बाहेर ओढले. गेली बारा वर्षं कोशकारांनी त्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता. गठ्ठ्यांच्या मागे एक छोटा कॉक होता. त्याने तो दोन बोटांनी फिरवला. पाणी थांबलं.

"मी काही हार मानली नव्हती!" कोशकार त्याच्यावर खेकसले.

"तुम्ही कुठे मानली साहेब? फोन बाईंचा आला होता. सगळीकडे हेच असतं. जो भिजतो तो कधी फोन करत नाही."

कोशकारांनी हात पुसले आणि जाडजूड इंग्रजी कोश उघडला. इतकी खात्री होती, की या नोंदीसाठी त्यांनी तो उघडलाच नव्हता. तिथे स्वच्छ लिहिलं होतं : टॉवेल लढणारा टाकत नाही. तो कोपऱ्यात उभा असलेला त्याचा माणूस टाकतो. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला. मग त्यांनी ओली फरशी पुसत बसलेल्या बायकोकडे पाहिलं, आणि तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

पाचला पाच कमी असताना त्यांनी संपादकबाईंना फोन लावला आणि कार्डं वाचून दाखवली.

"सर, जिवंत आहेत सगळी!" त्या म्हणाल्या. "आणि टॉवेल कोण टाकतं?"

"जो मार खातो तो नव्हे. ज्याला ते बघवत नाही, तो. उदाहरण घ्या : 'हे काही थांबायचे नाहीत, म्हणून मीच फोन केला.'"

"वा! हे कोण म्हणालं?"

"म्हणालं कुणी नाही. केलं," कोशकार म्हणाले, आणि फरशी पुसणारा हात थबकलेला पाहून घाईघाईने पुढे म्हणाले, "पण आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर तो नळ मीच बसवला असता, हेही लिहून घ्या!"