राऊतांच्या घरगाडीत एवढं एक राहिलंय

राऊतांनी माझं नाव विचारायच्या आधी माझी उंची मोजली. फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात मी भाजीची पिशवी घेऊन चढत होतो आणि हे उतरत होते. "जरा भिंतीला टेकून उभे राहता का?" म्हणाले. माणूस वयाने मोठा, आवाज नम्र, म्हणून मी टेकलो. त्यांनी शर्टाच्या खिशातून स्टीलची टेप काढली, टाचेपासून टाळूपर्यंत ओढली, आकडा तोंडातल्या तोंडात घोकला आणि विचारलं, "बसताना पाय दुमडता की पसरता?" पसरतो, म्हटलं. "आणि झोपताना?" इथे मात्र मी पिशवी उचलली.

इमारतीत बहुतेकांची मापं अशी घेऊन झाली होती, हे मला मागाहून कळलं. तळमजल्यावरच्या एक आजी तर राऊत दिसले की दार लावून घ्यायच्या. या वयात कोणी आपलं आडवं माप घ्यावं, हे त्यांना पसंत नव्हतं.

भानगड अशी होती की राऊत घरगाडी बांधून घेत होते. परदेशात म्हणे कुटुंबं एका मोठ्या गाडीत चूलबोळकं घालतात आणि हिंडतात. तिला कॅरव्हॅन म्हणतात, हे राऊतांनी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत एका जुन्या इंग्रजी मासिकात वाचलं. दात राहिला बाजूला, हे खूळ घेऊन ते घरी आले. 'घरगाडी' हा शब्द त्यांचा स्वतःचा. खाली सांगाडा साध्या टेम्पोचा होता, पण कोणी टेम्पो म्हटलं तर राऊत त्याच्याशी आठवडाभर बोलत नसत.

चंदनसारला सलीमभाईंचं गॅरेज होतं. टेम्पोवर नवी कोरी बॉडी चढवायचं काम त्यांचं. बॉडी झटपट झाली. दहा माणसं झोपतील असे वरखाली बाक, मागे एक ओटा, मधोमध पाडायचं आणि मिटायचं टेबल. आता आतलं सामान तेवढं निवडायचं होतं. तुम्हीआम्ही असतो तर दोन दिवसांत निवडून मोकळे झालो असतो. राऊतांना वर्ष लोटलं आणि गाडी तशीच उभी.

दर रविवारी सकाळी ते माझ्या दारावर टकटक करत. "पवारसाहेब, चला. एवढं एक राहिलंय." हे एवढं एक म्हणजे कधी गाद्यांचं रेग्झीन, कधी खिडकीची जाळी, कधी बेसिन. मी आठवड्याचे सहा दिवस मुंबईला कारकुनी करणारा माणूस. रविवारी मला झोप प्यारी. पण राऊतांना नाही म्हणणं अवघड, कारण ते आग्रह करत नसत. नुसते दारात उभे राहत.

गॅरेजात मी पोचायच्या आत त्यांचं कुटुंब जमलेलं असे. राऊतांच्या पत्नी मालतीवहिनी, वसईहून स्कूटरवर आलेला धाकटा भाऊ प्रभाकर आणि आगाशीला दिलेली बहीण शकूताई. शकूताई येताना डबाभर भुजिंग, म्हणजे भाजलेल्या कोंबडीचे पोहे, आणायची. खरं सांगायचं तर माझं पाऊल त्या वासामागेच पडायचं. मग टेम्पोच्या, चुकलो, घरगाडीच्या बॉनेटवर पडद्यांचे तुकडे पसरले जायचे आणि चर्चा सुरू व्हायची. निळा मळतो का? हिरवा डोळ्यांना थंड, पण वाडीत काय कमी हिरवं बघितलं? पिवळ्यावर मच्छर बसतात, असं शकूताईचं ठाम मत होतं. दुपार झाली की राऊत समाधानाने हात झटकत आणि म्हणत, "मतभेद आहे. पुढच्या रविवारी बघू."

सलीमभाई कपाळाला हात लावत. "राऊतसाब, आदमी लडकी पसंत करने को भी इतना टाइम नहीं लेता."

"लडकी बोलते, सलीमभाई. पडद्याला विचारता येत नाही."

एकदा पडदा जवळजवळ ठरला होता. सगळ्यांचं निळ्यावर एकमत झालं. राऊतांचा चेहरा एकदम पडला. दोन मिनिटं ते त्या निळ्या तुकड्याकडे शत्रूकडे बघावं तसं बघत राहिले, मग त्यांना सुचलं. गाडी आधी कुठल्या रंगाची रंगवायची ते ठरल्याशिवाय पडदा कसा ठरणार? त्यांचा जीव भांड्यात पडला. आणखी काही रविवार रंगात गेले.

हुकाची गोष्ट सांगायलाच हवी. राऊत मूळचे वसईच्या वाडीतले. केळी, फुलं, पानवेली यांत वाढलेले. त्यांच्या घरी पडवीत केळीचा घड टांगलेला नाही असा दिवस नसे. जाता-येता ज्याने त्याने तोडून खावं. तेव्हा घरगाडीतही घड टांगायला हूक पाहिजे, यावर मात्र भावाबहिणीत एकमत होतं. मी म्हटलं, चालत्या गाडीत घड हलेल. "हलू दे की," प्रभाकर म्हणाला, "घरी पण वाऱ्याने हलतोच." सलीमभाईंनी मुकाट्याने छताला हूक ठोकला. प्रभाकरने स्वतःच्या वाडीतला भरलेला घड आणून टांगला आणि आम्ही चाचणीसाठी हायवेच्या दिशेने निघालो. पहिल्या गतिरोधकाला घड पुढे गेला. दुसऱ्याला मागे आला आणि त्याने प्रभाकरला बाकावरून खाली बसवलं. राऊत ओरडले, "ब्रेक नको मारू, ब्रेक नको," आणि सलीमभाईंच्या ड्रायव्हरने घाबरून करकचून ब्रेक मारला. यावेळी मी खाली बसलो. परत येईपर्यंत गाडीत सगळीकडे केळी झाली होती. प्रभाकर कपाळ चोळत होता आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. राऊत त्याच्याकडे बघत होते. घडाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

त्या दिवशी घरी परतताना मी मालतीवहिनींजवळ वैतागलो. म्हटलं, "वहिनी, हा माणूस या जन्मी निघायचा नाही. साधा पडदा ठरवता येत नाही यांना."

वहिनी म्हणाल्या, "पडदा ठरला तर पुढच्या रविवारी प्रभाकरभावजी कशाला येतील?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. सासरे गेल्यावर वाडीची वाटणी झाली. जमिनीचं ठीक निभावलं, पण विहीर एकच. पाण्याची पाळी कोणाची, यावरून दोन्ही भावांचं फाटलं. त्यांच्या घराची एक रीत होती. बैल असो, पंप असो की नुसता विहिरीचा दोर असो, घरात नवी वस्तू घ्यायची तर ती सगळ्या भावंडांनी हात लावून बघायची, मगच आत आणायची. वाटणीनंतर राऊतांनी रागाच्या भरात एकट्याने पंप आणला. मग एक दिवस आपला वाटाच विकून ते फुलपाड्याला फ्लॅटमध्ये आले. बापाची वाडी विकली म्हणून प्रभाकरने तोंड फिरवलं. कित्येक वर्षं लग्नाकार्यात समोरासमोर आले तरी दोघं दोन पंगतींत बसत. आणि मग घरगाडीचं निघालं. राऊतांनी शकूताईकरवी निरोप धाडला, की घरात नवी वस्तू येते आहे, हात लावायला ये.

"रीतच ती," वहिनी म्हणाल्या. "भावजींना नाही म्हणता येईना. तेव्हापासून येतात. यांना भीती वाटते, गाडी पुरी झाली की परत बंद होईल."

हे ऐकल्यावर माझा वैताग कमी झाला असं नाही, पण रविवारची झोप मोडल्याचं दुःख मी निदान बोलून दाखवेनासा झालो. पिवळ्यावर मच्छर बसतात का, यावर मी स्वतः अर्धा तास बोललो.

पण कुठलीही चैन फार काळ टिकत नाही. सलीमभाईंना जागा हवी होती. त्यांच्या दारात दुरुस्तीच्या गाड्या रांगेने उभ्या होत्या आणि मधोमध राऊतांचं हे लग्नघर. त्यात प्रभाकरचाही धीर सुटला. एका रविवारी त्याने हातातला पडद्याचा तुकडा बॉनेटवर टाकला आणि म्हणाला, "दादा, मला वाडीत कामं आहेत. या मे महिन्यात गाडी निघाली पाहिजे. नाहीतर तुझं तू बघ."

राऊतांनी त्याच्याकडे पाहिलं, मग सलीमभाईंना म्हणाले, "निळे लावा." पुढच्या आठवड्यात गाडी तयार झाली. छतावर पाण्याची टाकी, मागे बेसिन, बाहेर ताणायला ताडपत्रीचं छत, वरच्या बाकांना शिडी, समोर गणपती आणि चार सुरांचा हॉर्न. रंग पांढरा. एक वर्ष वाद घालून पांढरा.

आता जायचं कुठे? गोव्यापासून गणपतीपुळ्यापर्यंत सगळं बोलून झालं होतं. पण प्रभाकरला सकाळ-संध्याकाळ झाडांना पाणी सोडायचं होतं आणि शकूताईच्या घरी पाहुणे यायचे होते. अखेर दहा माणसांच्या बिछान्यांची, टाकीची आणि ओट्याची ती गाडी कळंबच्या किनाऱ्यावर गेली. म्हणजे रिक्षाने जातो तिथे. मलाही नेलं. माझं माप बसलेलं होतं.

सुरूच्या झाडांखाली आम्ही छत ताणलं. मासळी वाळत घालणारी एक बाई हातातलं काम टाकून बघायला आली. तिने आत डोकावून बिछाने पाहिले, बेसिनचा नळ सोडून पाहिला.

"पानी पन हाय," ती म्हणाली. "किती दिस र्‍हानार?"

"संध्याकाळी जाणार," वहिनी म्हणाल्या.

"मग घर कशाला आनलंत?" ती म्हणाली आणि मासळीकडे परत गेली.

ओट्यावर भात झाला, भुजिंग गरम झालं. दुपारी सगळे बाकांवर आडवे झाले. शकूताई हौसेने वर चढून झोपली, खाली उतरून पाणी पिऊन पुन्हा चढली. प्रभाकर घोरत होता. एकटे राऊत जागे होते. ते दाराच्या पायरीवर आत तोंड करून बसले होते. समुद्र त्यांच्या पाठीमागे होता. मी विचारलं, झोपत का नाही? त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

संध्याकाळी प्रभाकरला आधी सोडलं. तो खाली उतरला, गाडीच्या पत्र्यावर एक थाप मारली आणि म्हणाला, "बेस झालं, दादा. लागलं एकदाचं मार्गी." फुलपाड्यापर्यंत राऊत मागच्या खिडकीशी बसून होते.

त्यानंतर गाडी आमच्या इमारतीच्या आवारात उभी राहिली. सेक्रेटरी कुरकुरले, मुलांनी तिच्याआड लपाछपीला जागा केली. रविवारी माझ्या दारावर टकटक होईना. मला मनसोक्त झोपता येऊ लागलं आणि गंमत अशी की डोळा लागेना. खिडकीतून बघावं तर राऊत काचा पुसत असायचे. पुसलेल्या काचा परत पुसायचे.

असे काही रविवार गेले. मग एकदा मीच खाली उतरलो. त्यांनी मला आत बसवलं, ओट्यावर चहा केला आणि दोन कप टेबलावर ठेवले. आम्ही दोघं त्या दहा माणसांच्या गाडीत समोरासमोर बसलो. मी म्हटलं, "गाडी झकास झाली हो, राऊत."

"झाली ना," ते म्हणाले. "कुठे करकर नाही, कुठे गळत नाही. सगळं बरोबर बसलं. तिथेच चुकलं, पवारसाहेब." त्यांनी कप बाजूला सरकवला. "मला त्याची फार आठवण येते. आता कुठल्या तोंडाने बोलावू?" ते इतकं सरळ बोलले की मी चहात बघत राहिलो.

फाटकाशी स्कूटर थांबली. प्रभाकर होता. तो तडक गाडीत शिरला. कसा आहेस नाही, काय नाही. वरच्या बाकाच्या शिडीपाशी जाऊन त्याने ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली. शिडी जरासुद्धा हलली नाही.

"दादा, ही शिडी बरोबर नाही," तो म्हणाला. "पायऱ्या फार लांब लांब आहेत. शकूला चढता येणार नाही. गुडघे दुखतात तिचे."

राऊत उठून उभे राहिले. "गुडघे?"

"दुखतात. तिलाही बोलावलंय आज. येईल ती, हात लावून बघेल. घाई करायची नाही, नीट ठरवू. लागले तर दोन-चार रविवार लागू दे."

राऊतांनी शिडीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, पवारसाहेब?"

त्या शिडीवरून शकूताईला कळंबला तुरुतुरु चढताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. प्रभाकर माझ्याकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"लांब आहेत," मी म्हणालो. "मी तेव्हाच म्हणणार होतो."

"बघ," प्रभाकर म्हणाला, आणि स्क्रू सोडवायला लागला. राऊतांनी एक बाजू धरली. दुसरी मला धरायला सांगितली.