लीलामावशी आणि झाडाचे कान

सडकं लाकूड दिसलं की लीलामावशींना जो आनंद होतो, तो नवी साडी मिळाल्यावरही होत नाही. जव्हारच्या आमच्या आळीत त्या माझ्या शेजारी राहतात. यंदाच्या पावसाळ्यात त्यांनी रानात भटकायला सुरुवात केली, आणि ओल्या फांद्यांवरच्या एका तपकिरी बुरशीने त्यांना वेडच लावलं. हुबेहूब कानासारखी, हाताला गार, लिबलिबीत. "पाहिलंस? झाडाला कान फुटलेत!" म्हणत त्या समोरच्याला तो कान धरायलाच लावतात. पोस्टमनही यातून सुटलेला नाही.

परवा मी दाभोशाच्या धबधब्याहून परतताना त्या जीपमध्ये भेटल्या. मांडीवर ओंडका. आत माणसं आधीच कोंबलेली.

"मावशे, लाकूड टपावर टाकतो," ड्रायव्हर म्हणाला.

"टपावर वाऱ्याने कान वाळतील. तू बस टपावर, गाडी मी हाकते!"

जीपभर हशा पिकला. वाटेत ओंडक्यातून मुंग्या निघाल्या. सगळे पाय वर घेऊन बसले.

"चावायच्या नाहीत. घाबरल्यात बिचाऱ्या," मावशी म्हणाल्या. तेवढ्यात मला एक चावलीच.

ओंडका जड, म्हणून तो उचलून मी त्यांच्या घरी गेलो. त्यांचे यजमान अप्पा खाटेवर बसले होते. गेल्या दिवाळीत साखरेपायी त्यांची नजर गेली, तेव्हापासून ते घराबाहेर पडत नाहीत. मावशींनी चपलाही न काढता त्यांचा हात ओंडक्यावर ठेवला.

"ओळखा!"

अप्पांनी बोटं फिरवली. "भिजलेला पापड?"

"छे!"

"मग तुझी जीभ?"

मावशी पोट धरून हसल्या. "हरलात! उद्या शिरपामाळाच्या रानातून दुसरं काही आणते," म्हणत चहा टाकायला आत गेल्या.

अप्पा माझ्याकडे झुकले. "जंगलखात्यात नोकरी झाली माझी. हात लागताच कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"सारा उन्हाळा ही माझ्या उशाशी बसून होती रे. जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही. आता मला हरवायला म्हणून रानात जाते. येताना हसत येते."

"काय कुजबुज चाललीय?" आतून मावशींनी विचारलं.

अप्पांनी आवाज चढवला, "काही नाही गं! पाल तर नव्हती ना ती?"